डावीकडची नावं

तिला सगळे यादीवाली काकी म्हणत. चाळीस वर्षं शर्टांच्या कॉलरी शिवून नजर अधू झाली होती, पण अक्षर अजून मोत्यासारखं. दर शनिवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर रविवारच्या उपासनेची यादी नव्याने उतरवून काढी. कागदाच्या मधोमध रेघ. डावीकडे संकटात असलेले: आजारी, प्रवासातले, नोकरी सुटलेले. उजवीकडे त्या वर्षी प्रभूच्या घरी गेलेले. पाळकांनी डावीकडचं नाव वाचलं की मंडळी म्हणे, "प्रभू, सांभाळ." उजवीकडच्या नावाला म्हणे, "प्रभू, तुझे आभार."

डावीकडे वरून तिसरं नाव तिच्या मुलाचं. मालवाहू जहाजावर इंजिनाचं काम करायचा. अकरा आठवडे झाले, जहाजाचा ठावठिकाणा नव्हता.

त्या शनिवारी सून चौकशीला कंपनीच्या ऑफिसात गेली होती. परत आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली.

"काय म्हणाला गं क्लार्क?"

"ऑफिसला कुलूप आहे. दारावर चिठ्ठी, पुढील चौकशी पत्राने करावी."

"मग पत्र टाकू."

"पत्ता नाही दिलेला, आई."

तेवढ्यात शेजारी राहणारी तिची नणंद दुधाचं भांडं घेऊन आली आणि दारातूनच सगळं ऐकून म्हणाली, "वहिनी, आता मनाची तयारी करा. आशेला खायला-प्यायला लागत नाही, म्हणून काय जन्मभर पोसायची?"

"वन्सं, दूध ठेवा आणि जा."

वन्सं गेल्या. सून आत जाऊन आडवी झाली; सातवा महिना होता. एरवी काकीचं लिहून झालं की सून जुनी यादी मोठ्याने वाची आणि काकी नवी ताडून पाही. त्या दिवशी तिला उठवणं काकीच्या जिवावर आलं. एकटीनेच लिहिलं, घडी घातली, आणि सकाळी पाळकांच्या हाती दिली.

पाळक नवे. येऊन तीनच आठवडे झालेले, नावं आणि चेहरे अजून जुळत नव्हते. जुने असते तर वाचताना अडखळले असते.

तिसरं नाव बेकरीवाल्याच्या बायकोचं आलं. काकीला वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं, हल्ली कानही दगा देतात. डावीकडची संपली. उजवीकडची सुरू झाली. एक नाव, दुसरं, आणि मग शेवटचं.

"प्रभू, तुझे आभार," मंडळी म्हणाली. सवयीने काकीही म्हणाली. आपण कुणासाठी आभार मानले ते शब्द तोंडातून गेल्यावर तिच्या ध्यानात आलं.

बाकाबाकांवरून माना वळल्या. सून तिच्याकडे पाहत होती.

"कधी कळलं?" ती कुजबुजली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मला का नाही सांगितलंत?"

"काही कळलेलं नाही गं."

"मग लिहिलंत कसं?"

डोळ्यांवर ढकलता आलं असतं. पण काकीला ठाऊक होतं, चूक डोळ्यांची नव्हती. काल लिहिताना डोक्यात ती चिठ्ठी होती, वन्संचं बोलणं होतं. कुणाला पत्ता लागू न देता, स्वतःलाही नाही, तिने आपल्या पोराला पुरून टाकलं होतं.

गुडघे धरून ती उठली आणि पाळकांसमोर जाऊन उभी राहिली.

"तो कागद द्या. चुकलंय माझं."

"काकी, उपासना झाल्यावर दुरुस्त करू या."

"नंतर नको, बाबा. आणि पेन द्या."

तिने उजवीकडचं नाव खोडलं. डावीकडे जागा उरली नव्हती, म्हणून सगळ्यांच्या वर, कोऱ्या कडेला लिहिलं. मोत्यासारखं अक्षर वेडंवाकडं झालं.

"वाचा."

पाळकांनी वाचलं. कुणी काहीच म्हणेना. ज्याच्यासाठी घटकेपूर्वी आभार मानले, त्याच्यासाठी काय मागायचं?

"प्रभू, सांभाळ," सून म्हणाली. एकटीच. मग पदराने नाक पुसत वन्सं म्हणाल्या. मग बाकीचे, मागेपुढे, कसेबसे.

घरी जाताना सून झपाझपा पुढे चालली. काकी मागून धापा टाकत होती.

"खरं सांगा, आई. तो आहे असं वाटतं तुम्हाला?"

"काल वाटत नव्हतं."

"आणि आज?"

देवाच्या घरातून निघून खोटं बोलायला तिची जीभ वळेना. "आज मला माहीत नाही. पण मागितलंय ना आपण? मागून झाल्यावर पाठ फिरवायची नसते."

सून तशीच पुढे चालत राहिली. कोपऱ्यावर मात्र ती पोटाशी हात धरून थांबली. तिलाही धाप लागली होती. काकीने तिला गाठलं, आणि धाप ओसरेपर्यंत दोघी तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.