राबावरचा अबोला

पळसदरीच्या धरणाच्या वरच्या अंगाला जी वाडी आहे, तिथे राब भाजणारी आता दोनच घरं उरली होती, आणि ती दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती.

राब म्हणजे काय हे आता कर्जतच्या पोरांनाही सांगावं लागतं, तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात. भाताचं रोप जिथे पेरायचं त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर रानातून तोडून आणलेल्या फांद्यांचा टाळ, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, वरून थोडी माती, आणि चैत्रात सकाळी वारा पडलेला असताना ते सगळं सावकाश जळू द्यायचं. तण मरतं, राख मुरते, रोप जोमाने वर येतं. हल्ली ही उठाठेव करतो कोण? खताची गोणी आणली, वाफा केला, झालं. पण जयवंता करायची, कारण बांधापलीकडे सोनुबाई करायची. आणि सोनुबाई करायची, कारण जयवंता करायची. आधी सोडायचं कोणी, एवढाच काय तो प्रश्न. नऊ वर्षांत दोघींपैकी एकीनेही माघार घेतली नव्हती.

दोघी सख्ख्या जावा. सोनुबाईचा नवरा थोरला गोमा, जयवंताचा धाकटा सदू, दोघांची लग्नं एकाच मांडवात एकाच दिवशी लागली. खर्च वाचला म्हणून सासरा खूश, आणि या दोघी एकमेकींच्या पदराला धरून एकदमच उंबरा ओलांडून आत आल्या. गोमा भिवपुरीच्या वीजघरात कामाला, सदू टेंपोवर, त्यामुळे शेत ओढलं ते या दोघींनीच. जयवंता खालापूरकडची, सपाटीवरची. तिला डोंगर चढायची सवय नाही. टाळाचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना ती पहिल्या वर्षी तीनदा पडली आणि तिन्ही वेळा सोनुबाईने आधी पोटभर हसून घेतलं, मग उठवलं. जयवंता पडल्या पडल्या तिला शिव्या घालायची. तिच्या शिव्या वाडीत नावाजलेल्या. सोनुबाई म्हणायची, "घाल गं, घाल. तुझ्या शिव्या ऐकल्या की भारा हलका होतो."

राबात चालायला जयवंताला शिकवलं तेही सोनुबाईनेच. ज्या मातीत बी पडायचं तिला चप्पल लावायची नाही, हा सासऱ्याचा नेम. त्यामुळे आग विझत आली की अनवाणीच कडेकडेने फिरायचं आणि उरलेला विस्तव ओल्या फांदीने दाबायचा. "टेकव नि उचल," सोनुबाई सांगायची. "पाय ठिवला रं ठिवला की उचलायचा. मनात एक म्हणायचं, दोन म्हणायचं नाय." मग दोघी एकामागोमाग नाचत निघायच्या, एक, एक, एक करत. बांधावर बसून सासरा हसायचा. काम उरकलं की ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून भाकरी आणि वालाचं बिरडं खायचं. जयवंताला आता साठी उलटल्यावरही तसं बिरडं कुठे मिळालं नव्हतं, आणि ते बिरड्यामुळे नव्हे हे तिला चांगलं कळत होतं.

मग बिनसलं कशावरून? वाटणीवरून नाही, बांधावरून नाही. बिनसलं राजेशच्या हळदीला.

राजेश जयवंताचा मुलगा. तो सहा महिन्यांचा असताना जयवंता टायफॉइडने आडवी झाली आणि दोन महिने त्याला न्हाऊमाखू घातलं ते सोनुबाईने. स्वतःच्या जितेशला एका मांडीवर आणि याला दुसऱ्या. राजेशला हळद लागायच्या आदल्या वर्षी गोमा गेला. मांडवात सोनुबाई हळदीची वाटी घेऊन पुढे झाली तेव्हा म्हातारी धोंडूबाई कुजबुजली, "पयला हात तिचा नको." वाडीत अशी माणसं असायचीच, त्यांचं काय. पण वाटी काढून घेतली ती जयवंताने. स्वतःच्या हाताने. "बाय, तू मागनं लाव," असं म्हणाली. सोनुबाई "बरं" म्हणाली आणि मागल्या दाराने घरी गेली.

त्या "बरं"नंतर नऊ वर्षं एक शब्द नाही.

आपलं चुकलं हे जयवंताला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण कळून काय उपयोग? चार वेळा ती सोनुबाईच्या अंगणापर्यंत गेली आणि चारही वेळा परत फिरली. मग लाजेचा ताठा झाला. ताठ्याची सवय झाली. सवय एकदा लागली की माणूस तिच्यावर पांघरूण घालून झोपतं.

बरं, शेताला शेत लागून, म्हणजे बोलल्याशिवाय चालायचं नाही. दोन राबांमध्ये एकच बांध. एकीने पेटवला आणि दुसरीचा तसाच राहिला तर आग उडी मारणार, म्हणून दोघींनी एकाच दिवशी, दोन्ही टोकांकडून पेटवायचं हे ठरलेलं. मग सोनुबाई आपल्या गाईला सांगायची, "कपिले, परवा राब भाजायचाय गं. कोणाला टाळ कमी पडत असंल तर आपल्याकडं हाय." इकडून जयवंता कोंबड्यांना म्हणायची, "ज्याचं त्याला पुरतंय गं बायांनो. तुमी दाणे टिपा." लेकी बोले सुने लागे, दुसरं काय. सदू खाटेवर पडून म्हणायचा, "एवढं कोंबड्यांना समजलं असतं तर त्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या असत्या."

यंदाही कपिलेला निरोप मिळाला आणि ठरलेल्या सकाळी दोघी आपापल्या टोकाला उभ्या राहिल्या. धरणाकडे मुंबईच्या गाड्या यायला लागल्या होत्या. धूर बघून कोणीतरी गाडी थांबवून फोटो काढला. दोन तासांत आग बसली. जयवंता फांदी घेऊन आत शिरली. टेकव नि उचल. पलीकडे सोनुबाईही फिरत होती. मग ती थांबली.

ती थांबली ती थांबलीच. अजून लाल असलेल्या राखेत उजवा पाय रोवून ती उभी राहिली आणि जयवंताकडे बघत राहिली. एक झालं, दोन झालं, पाच झालं. चेहरा हलला नाही. मग जयवंताला वास आला. टाळाचा नव्हे. चामडीचा.

"बाय, पाय उचल."

नऊ वर्षांनी तोंडातून निघालं ते हे. सोनुबाईने पाय उचलला नाही. जयवंता बांध ओलांडून धावली, तिला दोन्ही खांद्यांना धरून ओढत बाहेर काढलं आणि खाली बसवलं. तळवा भाजला होता, ते दिसतच होतं. पण दोन बोटांच्या बेचक्यात काळी पडलेली जुनी जखम होती, आत काटा तसाच. किती दिवसांचा कोण जाणे.

"दुखत नाय का गं?" जयवंताने विचारलं.

"नाय," सोनुबाई म्हणाली. "पाय मुके झालेत माझे."

जयवंताची सून नम्रता दहिवलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. त्या दिवशी तिची सुट्टी होती हे नशीब. तिने सोनुबाईच्या बोटाला सुई टोचली आणि मशीनकडे बघून तिचा चेहरा उतरला. "चारशे ऐंशी," ती म्हणाली. "काकी, तुम्हाला साखर आहे. आजची नाही, जुनी." सदूने कोणाला काही न विचारता टेंपो बाहेर काढला.

कर्जतच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि पनवेलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आधी साखर खाली आणायची. आली आणि विष तिथेच थांबलं तर दोन बोटांवर भागेल. वर चढलं तर घोट्यापासून पाय काढावा लागेल. चार दिवसांत कळेल. मग त्यांनी सहज विचारलं, "पायाची जाणीव जाऊन वर्ष तरी झालं असेल. घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?"

घरात कोण होतं? जितेश चाकणला कंपनीत, महिन्या दोन महिन्यांनी यायचा. तो धावत आला, दोन दिवस राहिला, सुट्टी संपली तसा डोळे पुसत परत गेला. जाताना जयवंताच्या पाया पडला. "काकी, तू होतीस म्हणून वाचली आई." जयवंताने पाय मागे घेतले. तिला ते सोसेना.

कारण लक्षात आलं होतं. तिच्याच आलं होतं.

गेल्या चैत्रातही सोनुबाई अशीच राखेत उभी राहिली होती. असाच पाय रोवून, अशीच हिच्याकडे बघत. आणि जयवंताने काय केलं? मान फिरवली. तिला वाटलं, मला दाखवतेय. माझ्या नाकावर टिच्चून उभी आहे, बघ म्हणे, माझे पाय अजून कसे आहेत. घरी येऊन सदूला म्हणाली, "थेरडी मिजास करते." एवढ्यावर थांबली असती तरी ठीक. संध्याकाळी कोणी नसताना ती गुपचूप राबात गेली आणि आपणही पाय रोवून बघितला. चार मोजेपर्यंत टिकली. तळव्याला सुपारीएवढा फोड आला आणि तो लपवण्यासाठी आठ दिवस चवड्यावर चालली. स्वतःचा फोड दुखत होता तेव्हाही तिच्या डोक्यात आलं नाही, की मग हिला कसं दुखलं नाही?

चार दिवस जयवंता खाटेपाशी बसून होती. नम्रता डबा आणायची आणि म्हणायची, "आई, आज रात्री मी थांबते." जयवंता हलायची नाही. सोनुबाईला साखरेच्या सुया टोचल्या जात होत्या, ती बहुतेक वेळ डोळे मिटून असायची. बोलणं व्हायचं ते पाणी हवं का, लघवीला जायचंय का, एवढंच. रोज सकाळी डॉक्टर पट्टी सोडून बघायचे आणि जयवंता त्यांच्या तोंडाकडे बघायची. पाय गेला तर ही बाई डोंगर कशी चढणार, हा एकच विचार. सदू आजारी पडला होता तेव्हाही तिने इतका धसका घेतला नव्हता, खरं सांगायचं तर.

पाचव्या दिवशी दोन बोटं काढली. घोटा वाचला.

दुपारी सोनुबाईला नीट शुद्ध आली, पेज पिऊन झाली. वॉर्डात बाकीच्या बायका कुशीवर पडल्या होत्या. जयवंताने ठरवलं होतं, आता नाही तर मग कधीच नाही.

"बाय," ती म्हणाली, "मी मागल्या साली पण बघितलं. तू उभी व्हतीस ते. बघून न बघितल्यासारखं केलं. तवाच बोलले असते तर बोटं गेली नसती तुझी."

सोनुबाईने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, कसल्याच तऱ्हेने नव्हे.

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली. "तू बघत व्हतीस म्हणून तर उभी राह्यले."

जयवंताला कळेना.

"पाय मुके झाल्याचं मला त्याच्या आधीच्या दिवाळीपासनं कळत व्हतं," सोनुबाई सावकाश सांगू लागली. "भ्या वाटायचं गं. सांगू कोणाला? जितेशला फोनवर काय सांगायचं, पाय दुखत नाय म्हणून? म्हटलं, हिला दाखवू. ही बघंल नि वरडंल. पयल्यासारखी शिव्या घालीत येईल, मग सांगता येईल."

"आणि या साली?"

"या साली म्हटलं, जरा जास्त येळ उभं राहून बघू."

जयवंताने खाटेच्या कडेवर डोकं टेकलं आणि ती रडली. लाज न बाळगता, आवाज न दाबता रडली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सोनुबाईचा हात तिच्या डोक्यावर आला, सलाईनच्या नळीसकट.

"रडतेस काय," सोनुबाई म्हणाली. "नऊ वर्षं झाली ऐकून. घाल की शिव्या."

आणि जयवंताने घातल्या. नाक पुसत, हुंदके देत घातल्या. मेले, कैदाशिणी, दोन बोटं जाळलीस, एवढं सलत व्हतं तर माझ्या दारात येऊन त्या वाटीसाठी झिंज्या उपटायच्या व्हत्यास माझ्या, मी काय नको म्हणले असते, मी उभीच व्हते गं नऊ वर्षं, केस मोकळे सोडून. असं आणि याहून पुष्कळ, जे इथे लिहिण्यासारखं नाही.

नर्स तरातरा आली. "आजी, पेशंट आहेत त्या, जरा हळू. काय चाललंय हे?"

"घालू दे तिला," सोनुबाई डोळे मिटून म्हणाली. "मीच मागितल्यात."