दाब

"काका, दाब आणखी वाढवू नका!" इंजिनिअरबाई ओरडल्या, पण तोवर घाईरावांनी व्हॉल्व्ह फिरवलाही होता.

हे नाव त्यांना कारखान्यानेच बहाल केलेलं. टाकीत आंबवलेल्या गढूळ रसातून आम्ल वेगळं काढायचं, हे त्यांचं काम. रस बारीक छिद्रांच्या पडद्यावरून जायचा. जिवाणूंचा गाळ अलीकडे अडायचा, नितळ आम्ल पलीकडे यायचं. आज मात्र धार करंगळीएवढी झाली होती, आणि दाब वाढवावा तसतशी ती आणखीच बारीक होत होती.

"अहो, जोर लावला की गाळ पडद्यावर घट्ट बसतो. दाब उतरवा, रस नुसता वाहता ठेवा. सुटेल हळूहळू."

"आणि तोवर मी काय करू?"

"काहीच करू नका. जमेल?"

जमणं कठीणच होतं. दाब उतरवून, हात मागे बांधून ते चरफडत उभे राहिले, आणि उभ्या उभ्या त्यांना घर आठवलं. पक्षाघाताने बायकोची वाचा गेली होती. आता कुठे शब्द ओठांशी येत होते, पण ती "पा..." म्हणाली, की हे "पाणी? पाय? पांघरूण?" करत तिच्या मागे लागायचे. ती तोंड फिरवायची. गेल्या आठवड्यापासून तर तिने प्रयत्नच सोडला होता. ती पुन्हा कधी बोललीच नाही तर, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. 'मीच गप्प केलं की तिला!'

संध्याकाळपर्यंत धार मनगटाएवढी झाली.

घरी येताच ते बायकोसमोर खुर्ची ओढून बसले. काही विचारलं नाही. लेक स्वयंपाकघरातून डोकावली.

"बाबा, बरं नाही का?"

त्यांनी तिला हातानेच थांबवलं.

बराच वेळ गेला. मग बायकोचे ओठ हलले.

"श..."

शाल? शेक? जिभेवर आलेले शब्द त्यांनी कसेबसे गिळले.

"श... शर्ट," ती म्हणाली आणि थांबली. त्यांनी श्वास रोखून धरला. "शर्ट... काढा. आंबट... वास येतोय."

लग्नापासून रोज दारातच ऐकलेली कुरकुर ती! घाईरावांचे डोळे भरून आले. ते बटणं काढायला लागले, एकेक करून, अगदी सावकाश. तिला अजून काही बोलायचं असलं तर वेळ मिळावा म्हणून.