अग्निअश्व, मुक्काम साखरशेत

साखरशेतच्या हिरीला भिंतींवर घोडे काढता काढता चाळीस वर्षं झाली. पण आपण स्वतःच घोडा आहोत हे तिला यंदा कळलं, आणि तेही चीनकडून.

ठाण्यातल्या एका चायनीज हॉटेलला त्यांच्या नववर्षासाठी वारली घोडा हवा होता. हिरीचा भाचा उमेश जव्हारकडे मास्तर. ऑर्डर त्यानेच आणली. घोडा लाल कापडावर, चौखूर उधळलेला, पाठीवर कुणी नको. असा घोडा दारात लावला की यश धावत आत येतं म्हणे. हिरीने नाक मुरडलं. लग्नाच्या चौकात, भिंतीवरच्या त्या मंगल चित्रात, घोड्यावर पंचशिऱ्या देव बसतो. रिकामा घोडा घरी आला, तर माणसं वर बसलेला कुठं पडला ते शोधायला निघतात.

तरी तिने काढला. नवरा, सोम्या, गेल्यापासून दोन वर्षं तिला घोडा काढायला कुणी बोलावलंच नव्हतं. चौक सवाष्णींनीच लिहायचा, ही रीत. पूर्वी चार पाड्यांतले चौक तिच्या हातचे असत. आता तिथेच ती पाण्याचे हंडे भरायची. आणि आता लग्न तिच्याच लेकीचं होतं, कविताचं.

चौकाच्या सकाळी भिंत सारवून, गेरू लावून तयार होती. चौक लिहायला पाड्यातली सवाष्ण गोजाबाई तांदळाच्या पिठाची वाटी घेऊन, फागी आणि प्रमिलाला सोबत घेऊन आली. तेवढ्यात उमेशला हॉटेलचा फोन आला. अंगणात जाऊन पाच वेळा ‘हो सर’ म्हणून तो परतला, तेव्हा त्याचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा होता. चित्राशेजारी कार्ड लावायचं म्हणून त्याने मावशीच्या आधारचा फोटो पाठवला होता. जन्म, एक जून एकोणीसशे सहासष्ट. तो तिथल्या फेंगशुई सल्लागार बाईंनी पाहिला.

“मावशी, चिनी लोकांत दर बारा वर्षांनी घोड्याचं साल येतं. घोडा म्हणजे वेग, हिंमत, लगाम न मानणारा. पण साठ वर्षांनी येतो तो अग्निअश्व. सहासष्टचा तोच, यंदाचाही तोच.”

“मंग बरंच की.”

“त्या सालातली बाई हट्टी निघते म्हणतात. आणि...” उमेश भिंतीकडे बघू लागला. “नवऱ्याला खाते. त्यांना चित्र पाहिजे, तुझं नाव नको. माझं टाकू का, विचारतायत.”

हिरीने विचारलं, “पाड्यातलं हे बोलणं चीनपर्यंत गेलं का रे?”

गोजाबाईला आयतंच सापडलं. “आमी सांगतो तर आमी अडाणी. चीन काय अडाणी हाय? एवढी मोबाइलं बनवतात ती!”

हिरीने तिच्याकडे पाहिलं. मग उमेशकडे.

“ए मास्तर, गेल्या महिन्यात सगळ्यांची आधार केवायसी तूच केलीस ना? गोजीचा जन्म कवाचा?”

उमेशला तारखा पाठ होत्या. एकच तर होती. “एक जून सहासष्ट.”

“फागी?”

“एक जून सहासष्ट.”

“प्रमिला?”

“प्रमिलाताईपण.”

आधारच्या शिबिरात कुणालाच जन्मसाल सांगता येईना, तेव्हा यंत्रावरच्या माणसाने ज्याचे केस पांढरे त्याला सहासष्ट साल दिलं होतं. प्रमिला तेव्हा ऐन तिशीत होती, पण ती थेट पिठाच्या गिरणीतून आली होती. सरकारदरबारी अख्ख्या पाड्यातल्या बाया एकाच दिवशी जन्मल्या. त्या दिवशी सुईणीचं काय झालं, याची नोंद नाही.

“म्हंजे आपण चार घोड्या,” हिरी म्हणाली. “गोजे, तुझा देवजी तिकडं ताडी पितोय. फागीचा म्हातारा खोकतो, पण हाय. प्रमिलाचा तर मघाशी दोनदा जेवला. मंग नवरा खाणारी मी एकलीच कशी? सोम्याला कावीळ झालती. मोखाड्याच्या दवाखान्यात न्यायला जीप मिळाली नाय. ती कावीळ कुठल्या सालात जन्मली, ते विचार चीनला.”

फागी हसली आणि लगेच पदराआड खोकली.

“तरी रीत ती रीत,” गोजाबाईने वाटी छातीशी धरली.

“रीत तुला शिकवली कुणी? घोड्याचा मागचा पाय अजून जमत नाय तुला. उंदरासारखा काढतेस. दे ती वाटी.”

“नाय.”

दोन्ही बाया वाटीला धरून उभ्या राहिल्या. तेव्हा हळद लागलेली कविता आतून बाहेर आली.

“आयनी नाय लिवला तर भिंत कोरीच राहू दे. मी कोऱ्या भिंतीपुढं लगीन लावते. वऱ्हाडाला काय सांगायचं ते गोजाआते, तू सांग.”

हळद लागलेल्या पोरीशी भांडू नये, वाईट असतं, हे पाड्याला गोजाबाईनेच शिकवलं होतं. तिने हात काढून घेतला. वाटी हिरीच्या हाती आली.

हिरीने बांबूची काडी पिठात बुडवली. “उमेश, हॉटेलला सांग, घोडा येईल तर माझ्या नावासकट येईल. नायतर हितंच राहील. आमच्या भिंतीला यश नको असं कोण म्हणतंय?”

“मावशी, ते दुसरीकडून घेतील.”

“घेऊ दे. दुसरीचं साल बघून घेवा म्हणावं.”

टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, चार पाय, वर पाच डोक्यांचा देव. काडी कुठेही थांबली नाही. फागीने हळूच गाणं धरलं, प्रमिला मागून सूर ओढू लागली. गोजाबाई दाराला टेकून उभी राहिली. गेली मात्र नाही. घोड्याचं तोंड निघालं तसं तिला राहवेना.

“मान लई वर झाली गो.”

“असू दे,” हिरी म्हणाली, आणि आणखी बोटभर वर नेली.