मागची भिंत आणि दुसरा ठोकळा

मित्रांनो, मी सांगतो त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुना ओळंबा आहे. भिंत सरळ आहे की कललेली, हे पाहायला गवंडी मला लावतात. म्हणजे शंका घेणं हेच माझं काम. इतक्या वर्षांत मी शेकडो भिंतींवर संशय घेतला आणि बहुतेक वेळा तो खरा निघाला. एकदा मात्र मी भलत्याच माणसावर संशय घेतला. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. अंग पितळेचं, आकार लिंबाएवढा. चिंचवडच्या युसुफ मिस्त्रींनी मला विकत आणलं आणि सागाच्या लाकडाचा एक ठोकळा स्वतःच्या हाताने घडवला. त्याची रुंदी बरोबर माझ्याएवढी, आणि दोरीचं भोक अगदी मधोमध. ठोकळा भिंतीच्या माथ्याशी टेकवायचा आणि मी दोरीवर खाली लोंबायचं. मी भिंतीला जेमतेम शिवलो तर भिंत सरळ. मध्ये फट दिसली तर भिंत वरून बाहेर झुकलेली. युसुफ मिस्त्री गेल्यावर मी आणि ठोकळा दोघेही त्यांच्या मुलाकडे, हनीफ मिस्त्रीकडे आलो. हनीफ मला कामावरून आल्यावर पुसून ठेवायचा, आणि लोक म्हणायचे की युसुफच्या ओळंब्यापुढे भिंतीचं काही चालत नाही. तेव्हा मी फार फुगायचो.

मग पिंपरीला औषधांचा कारखाना सुरू झाला. साताऱ्याकडची, नगरकडची, कोकणातली माणसं नोकरीला येऊ लागली आणि आसपास एक खोली मिळेनाशी झाली. कारखान्यात पॅकिंगला असलेल्या ज्योतीरामने हे बघितलं. तो खटावकडचा. त्याने ठरवलं की एक जुनं घर घ्यायचं, ठाकठीक करायचं आणि नफा ठेवून विकायचं. असा उद्योग त्याने आधी कधी केला नव्हता, आणि गावातही कुणी केलेला नव्हता. गावाकडच्या वाटणीचे सातशे रुपये घालून त्याने चिंचवड गावात दोन खोल्यांचं घर घेतलं, आणि विकेपर्यंत नवराबायको तिथेच राहू लागले. दुरुस्तीला पैसे उरले नाहीत, तेव्हा त्याच्या बायकोने, यशोदाबाईंनी, हातातला पाटल्यांचा जोड काढून दिला. त्याचे तीनशे आले. घर विकलं की आधी पाटल्या, असं त्याने बायकोला वचन दिलं होतं.

घर घेतलं तेव्हा हनीफने मागच्या भिंतीला मला लावून बघितलं होतं. फट केसभर होती. महिन्याने काम ठरवायला आम्ही पुन्हा गेलो, तर ती अर्धं बोट झाली होती. हनीफ शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "ज्योतीरामभाऊ, ही भिंत उतरवायला लागंल. न्हाणीचं पाणी बुडात मुरतंय. भिंत चालाय लागलीय."

"आन् खर्च?"

"न्हाणीचा निचरा, विटा, चुना, मजुरी, समदं धरून एकशे सत्तर."

ज्योतीरामचं तोंड उतरलं. त्याने मनात वेगळाच बेत आखला होता. पुढच्या खोलीत शहाबादी फरशी, दाराला हिरवा तेलरंग, छपरावर फुटक्या कौलांच्या जागी नवी कौलं. गिऱ्हाईक दारातून आत येणार, फरशी बघणार, खूश होणार. मागच्या भिंतीत निम्म्याहून जास्त पैसे गाडले तर ह्यातलं काहीच धड होणार नव्हतं.

"जरा इचार करतो," एवढंच तो म्हणाला.

विचार करायला तो चहाच्या हॉटेलात गेला. तिथे रोज बसणाऱ्या बबनरावांनी त्याला सांगितलं की हनीफच्या मेव्हण्याची रहाटणीला वीटभट्टी आहे. झालं! भिंत पाडली की विटा लागणार आणि विटा मेव्हण्याच्या खपणार, असा हिशेब ज्योतीरामच्या डोक्यात पक्का बसला. आणि मित्रांनो, खरं सांगतो, मलाही तो पटला. माझा धनी हनीफ आणि त्याचा मेव्हणा भट्टीवर बसून हळू आवाजात बोलताना मी पिशवीतून ऐकलं होतं. काय बोलले ते मला नीट कळलं नव्हतं, पण हळू बोलले एवढं मला पुरलं. मी स्वभावानेच तसा आहे.

पुढे हनीफ कौलांचं माप घ्यायला आला, तिथूनच एका लग्नाला तळेगावला गेला आणि दोन दिवस अवजारांची पिशवी त्या घरातच राहिली. कारखान्याला सुट्टी होती. ज्योतीरामने पिशवी उघडून मला बाहेर काढलं आणि ठोकळा उलटसुलट करून बघितला.

"ह्या लाकडातच काय तरी गोम आसंल," तो यशोदाबाईंना म्हणाला. "मिस्त्रीचं माप मिस्त्रीच्याच सोयीचं आसनार."

त्याने युसुफ मिस्त्रींचा ठोकळा सोडून बाजूला ठेवला, बाभळीचा एक तुकडा घेतला आणि कोयत्याने नवा ठोकळा तासला. अंदाजाने तासला, तो माझ्यापेक्षा बारीक झाला. तापवलेल्या खिळ्याने भोक पाडलं, तेही एका कडेला गेलं. माझ्याशेजारी धरून बघायचं त्याला सुचलं नाही. यशोदाबाईंनी शिडी धरली, तो वर चढला आणि मी खाली आलो.

इथे माझा गुन्हा आहे. ठोकळा बारीक म्हणून दोरीच भिंतीच्या जास्त जवळ होती, आणि अर्ध्या बोटाची ती फट माझ्याच अंगाने भरून गेली. ओळंब्याला बोलता येत नाही, पण डुलता येतं. ओळंबा डुलत राहिला तर माणूस पुन्हा लावून बघतो. काहीतरी चुकतंय हे मला जाणवत होतं. पण हनीफला एकदा पकडायचंच, असं माझ्याही मनात भरलं होतं. मी लगेच स्थिर झालो आणि भिंतीला गाल टेकवून गप्प राहिलो.

"बघ! टेकलाय का न्हाई? भिंत सरळ हाय," ज्योतीराम वरून ओरडला.

"आवो, पन सकाळी हातरून झाडलं की रोज माती निघती," यशोदाबाई म्हणाल्या. "त्याच भिंतीची."

"जुनं घर हाय. माती पडनारच."

हनीफ परत आला तेव्हा ज्योतीरामने त्याला दारातच अडवलं. "मिस्त्री, भिंत सरळ हाय. मी सोता बघितली. तुमचा ठोकळा काढून बघितली, म्हनून खरं कळलं. त्यात गोम हाय, मेव्हण्याच्या विटा खपवायची."

हनीफचा चेहरा पांढरा पडला. तो ठोकळा त्याच्या बापाने घडवला होता. समजावून सांगायला दोन वाक्यं पुरली असती, पण बापालाच खोटं म्हणणाऱ्या माणसाशी त्याला एक शब्दही बोलावासा वाटला नाही. त्याने बाभळीचा ठोकळा सोडून पिशवीत टाकला, बापाचा बांधला आणि तो चालता झाला. मला त्याने त्या दिवशी पुसलं नाही. पुढे दोन महिने त्याने मला हातात घेतलं नाही. कामावर दुसऱ्या मिस्त्रीचा ओळंबा मागून आणायचा. मी पिशवीच्या तळाशी चुन्यात पडून होतो आणि माझ्या अंगावर हिरवट डाग धरू लागले होते.

एके दिवशी कारखान्यातले स्टोअरकीपर अर्जुनराव आमच्याकडे आले. चौदाशेला एक घर ठरतंय, बयाणा देण्याआधी जरा बघून द्या, म्हणाले. घर ज्योतीरामचं निघालं. हनीफने पत्ता ऐकला आणि मला पुसून पिशवीत ठेवलं.

दार हिरवं चकचकीत होतं. फरशी धुतलेली होती. मागच्या भिंतीला पांढराशुभ्र चुना दिला होता. हनीफला बघून ज्योतीराम दचकला, पण अर्जुनरावांसमोर त्याने गुमान शिडी आणून दिली. यशोदाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, हातात नुसत्या काचेच्या बांगड्या.

हनीफ शिडीवर चढला आणि त्याने मला सोडलं. फट दोन बोटं झाली होती.

आता धनी सूड घेणार, असं मला वाटलं. पुन्हा माझा संशय! हनीफ खाली आला. त्याने ज्योतीरामला जवळ बोलावलं, पिशवीतून बाभळीचा ठोकळा काढला आणि दोन्ही ठोकळे त्याच्या तळहातावर शेजारी ठेवले. मग मला आधी बापाच्या ठोकळ्यावर उभं केलं. काठाला काठ मिळाला. मग बाभळीच्या ठोकळ्यावर ठेवलं. मी दोन्ही बाजूंनी बाहेर आलो.

ज्योतीरामने माझ्या बाहेर आलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"काय म्हणतेय भिंत, मिस्त्री?" अर्जुनरावांनी विचारलं.

"घर त्यांचं हाय. त्यांस्नीच सांगू द्या," हनीफ म्हणाला.

ज्योतीरामसमोर चौदाशे रुपये उभे होते. त्याने बायकोच्या हातांकडे बघितलं आणि मान खाली घातली. तेव्हा यशोदाबाई कोपऱ्यातून पुढे आल्या.

"साहेब, ही भिंत पडाय आलीय. आमीच हितं भीत भीत निजतो. तुमची पोरंबाळं हायती. आज घेऊ नगा."

अर्जुनराव हात जोडून निघून गेले. मग ज्योतीराम हनीफला म्हणाला, "मिस्त्री, चुकलं माझं. तुमच्या वडलांस्नी बोललो मी." हनीफने मान हलवली आणि विचारलं, "विटा कुठल्या आनू? रहाटणीच्या नको आसतील तर सांगा." ज्योतीराम ओशाळून म्हणाला, "तिथल्याच आना."

एव्हाना वरची कौलंही सरकली होती. एकशे सत्तरचं काम दोनशे साठला गेलं, आणि त्यासाठी कर्ज काढावं लागलं. दिवाळीनंतर अर्जुनराव स्वतःहून परत आले. ज्या घरची बाई स्वतःच्या नुकसानीचं खरं बोलते तिथे फसवणूक होणार नाही, असं म्हणून त्यांनी तेच घर घेतलं, पण घासाघीस करून दीडशे कमी दिले. कर्ज फेडून आणि पुढचं जुनं घर घेऊन हातात उरलं त्यात एकच पाटली आली.

आता हनीफ रोज काम सुरू करण्याआधी मला ठोकळ्याशेजारी धरून बघतो. पूर्वी कधी बघत नसे. मला त्याचा राग येत नाही. मित्रांनो, शंका जरूर घ्या, पण ज्या मापाने दुसऱ्याला मोजता ते आधी नीट बघून घ्या. आणि तुमच्या घरच्या भिंतीच्या बुडात पाणी मुरत असेल तर आजच बघा, वरून चुना देऊ नका.

यशोदाबाई कधी कधी आमच्या कामावरून जाताना थांबतात आणि हनीफची विचारपूस करतात. उजव्या हातात पाटली असते. डाव्या हातात अजून काचेच्याच बांगड्या आहेत. मी तेव्हा दोरीवर लोंबत असलो तर डुलायला लागतो, आणि हनीफला वाटतं वारा सुटला.