आभाळातून दिसलेलं शेत

उपग्रहाचं चित्र आमच्या खात्याच्या हाती आलं ते शहाण्णवच्या ऑगस्टात. त्यात उभं पीक लाल दिसायचं आणि पाणी काळं. खुणेच्या जागी जायचं, चिखलात उतरून खात्री करायची आणि तक्ता भरायचा, एवढंच माझं काम. सोपं होतं, म्हणूनच मी ते धड केलं नाही.

धरमतरच्या खाडीलगत जनू नावाच्या शेतकऱ्याच्या गावाची चाळीस एकर शेती चित्रात काळीकुट्ट होती. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून तिला मातीचा बांध होता आणि तो खचत आला होता. दुरुस्तीच्या सरकारी यादीत नाव यायला आत पीक उभं आहे असा शेरा लागायचा. तो मी द्यायचा.

मी रस्त्यावरच्या टपरीपाशी थांबलो. पायात नवे बूट होते. जनूची आई बायजाबाई म्हणाली, बांधावरून चल, भात दाखवते. मी तिला ऐकवलं, आजी, आभाळातून सगळं दिसतं. रस्त्यावरून नुसतं पाणी चमकत होतं. मी रोह्याचा, घरी भातशेती, त्यामुळे भात मला कुणी शिकवायला नको असा माझा तोरा. आमच्याकडे रोपं लावतात, हिरवं रान उठून दिसतं. इथे मोड आलेलं बी चिखलात फेकतात आणि ते विरळ, उशिरा डोकं वर काढतं, हे मला ठाऊक नव्हतं. विचारलंही नाही. ‘पीक नाही, पाणी’ असं लिहिलं आणि चहा प्यायलो.

बांध यादीतून गळला. पुढच्या पावसाळ्यात उधाणाला फुटला आणि सगळी शेती खाऱ्या पाण्याखाली गेली. अशी जमीन दोन-तीन वर्षं तरी कामातून जाते.

दिवाळीनंतर मी कबूल करायचं ठरवूनच गेलो. एसटीत वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. सगळं गाव बांधावर माती टाकत होतं. मी तोंड उघडायच्या आत जनूनेच हात जोडले आणि चूक आमची आहे म्हणाला. श्रावणातल्या उधाणाआधी बांधाला माती घालायला घरटी एका माणसाने यायचं, ही तिथली रीत. चित्र निघालं त्या वर्षी अर्धं गाव हमरापूरला गणपती रंगवायला गेलं आणि बांधावर जेमतेम सात माणसं आली. जनूच्या घरचं कुणीच नव्हतं.

“वरनं फोटू काढला तवा बांधावर कोन नव्हता,” तो म्हणाला. “ते दिसलं असंल. म्हनून नाव कापलं आमचं.”

त्या चित्रात माणूस दिसत नाही. एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. बायजाबाई घमेलं धरून खाली मान घालून उभी होती. ती मला लाजत होती, आणि मी तिला लाजू दिलं.

“आता घरटी दोन मानसं हायेत,” ती म्हणाली. “फोटू परत निघंल ना रं? वर सांग, सगली हजर हायेत.”

“कळवतो, आजी,” मी म्हणालो.