सोडायचा राहिलेला दोर

पोर्तुगीजांचं शेवटचं जहाज सांता रीता बेटावरून गेलं त्याला नऊ दिवस झाले होते, आणि त्याचा दोर अजून धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला बांधलेलाच होता. जहाज केव्हाच दिसेनासं झालं. दोर मात्र क्षितिजापर्यंत ताठ होता आणि रोज लांबत होता.

चूक म्हणायची तर तिबुर्सियोची. एकतीस वर्षं तो जहाजांचे दोर सोडत आला. कप्तानानं वरून हुकूम द्यायचा आणि मगच खालच्यानं गाठीला हात लावायचा, अशी रीत. त्या दिवशी कप्तान बेटाकडे पाठ करून उभा राहिला आणि बोललाच नाही. जहाज निघालं. तिबुर्सियो गाठीवर हात ठेवून उभा राहिला, तो राहिलाच.

"अरे, राज्य गेलं त्यांचं," त्याची बायको पियेदाद म्हणाली. "आता कुणाच्या तोंडाकडे बघतोयस?"

"हुकमाशिवाय दोर सोडला तर ती चोरी होते. तू तुझं शिवण बघ."

शिवणाचंच तर अवघड होऊन बसलं होतं. नव्या देशाचं पहिलं निशाण पियेदादकडे शिवायला आलं होतं. तीन पट्टे, जोडायचे दोन सांधे. मशीनवर बसल्यापासून तिला यापेक्षा सोपं काम कुणी दिलं नव्हतं. पण ती टीप मारून दातांनी दोरा तोडायची, आणि तोंड वर करेपर्यंत टीप उसवलेली असायची. दोरा सरपटत उंबऱ्यापलीकडे जायचा. एका दुपारी ती त्याच्या मागोमाग चालत गेली. दोरा उतारावरून धक्क्यावर पोचला आणि दोराच्या पिळात शिरला.

म्हणजे दोर असा लांबत होता तर.

विहिरींचे दोर आधीच गेले होते, चर्चच्या घंटेचाही. मग शाळेतली पुस्तकं सुटली आणि पोरं सुटी पानं छातीशी धरून घरी आली. कोळ्यांची जाळी गेली तेव्हा त्यांनी चिडून दोर पेटवला. हातभर दोराची राख झाली. पण राखेचा पीळ तसाच राहिला आणि ताणही तसाच. कोळ्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि ते घरी गेले.

पियेदाद नव्या सरकारच्या सेक्रेटरीकडे गेली. व्हालेरियानो दहा दिवसांपूर्वी शाळामास्तर होता. आता त्याच्या कोटाची एक बाही निघाली होती आणि ती त्यानं काखेत धरली होती.

"सेक्रेटरीसाहेब, दोर सोडायचा हुकूम द्या. माझ्या माणसाला हुकूम लागतो. तुमचा चालेल."

"कुठला दोर?"

"तुमच्या खिडकीतनं दिसतोय तो."

"पियेदादबाय, बसा. सोडायचा म्हणजे आपण बांधलेले आहोत हे कागदावर आणायचं. नऊ दिवसांच्या देशाला ते झेपत नाही. निशाणाचं काय?"

"टाचण्या लावून देते."

"लांबून दिसणार नाही ना?"

"लांबून तुमची बाहीसुद्धा दिसत नाही," ती म्हणाली आणि उठली.

धक्क्यावर आली तर तिबुर्सियोची बोटं उकलली होती. एकेका बोटाचे तीन तीन पदर होऊन ते दोरात वळले गेले होते, मनगटापर्यंत.

"दुखतं का रे?"

"नाही. खाज येते."

तिनं त्याला खाजवून दिलं. कुठे खाजवायचं ते दोघांनाही नक्की सांगता येईना.

दहाव्या दिवशी सकाळी टाचण्यांचं निशाण पोचतं करून ती मोठी कात्री घेऊन आली. तोवर पीळ कोपरापर्यंत चढला होता. तिनं पातं दोराला लावलं, काढलं, जरा पुढे लावलं, पुन्हा काढलं. तिबुर्सियो कुठे संपतो आणि दोर कुठे सुरू होतो हे एकतीस वर्षं त्याच्याशी संसार करूनही तिला कळेना.

"कुठून कापू?"

"थांब. हुकूम येऊ दे."

मैदानावर बँड सुरू झाला. तेवढ्यात दोर थरथरला आणि त्यातून आवाज आला, बारीक आणि दमलेला. कप्तानाचाच होता.

"सोड."

तिबुर्सियोचा चेहरा नवऱ्या मुलासारखा उजळला. "सोडतो, सेन्योर," म्हणून तो गाठीवर वाकला. मग त्यानं आपल्या कोपरांकडे पाहिलं, आणि नंतर तिच्याकडे.

पियेदादनं कात्री खाली ठेवली आणि गाठीत नखं घातली. गाठ मनगटासारखी गरम होती. मागे निशाण चढत होतं आणि त्याच्या टाचण्या एकेक करून खाली पडत होत्या. गाठीचा पहिला वेढा सैल झाला. त्याबरोबर तिच्या अंगठ्याच्या टोकातून एक पांढरा दोरा निघाला आणि समुद्राच्या दिशेनं ताठ झाला.

तो तोडायला तिनं सवयीनं तोंड खाली नेलं.