खडीवरची टिटवी

गाडी लावायच्या खडीवर टिटवीने अंडी घातली, तेव्हापासून वहिनीच्या जिवाला थारा नव्हता. नवरा शहरात नोकरीला. माळाच्या कडेची, पाहुण्यांना भाड्याने द्यायची ही दोन सुट्टीची घरं ती आणि तिचा दीर सांभाळत. अंडी अगदी खडीच्याच रंगाची, नजर चुकली की चाकाखाली. तिने भोवती खुंट्या ठोकून दोरी बांधली, तरी हातातलं काम टाकून ती सारखी खिडकीशी जायची. चादरीची घडी अर्धी राहायची, दूध उतू जायचं.

"वहिनी, उद्या पाहुणे येतायत," दीर म्हणाला. "गाडी काय माझ्या डोक्यावर लावायची?"

"फाटकाबाहेर लावतील. मी फोनवर सांगितलंय, थोडं चालावं लागेल."

"लोक इथे आराम करायला येतात, हमाली करायला नाही."

"'पाखरं आमची शेजारी' ही पाटी कोणी लावली, भाऊजी?"

"पाटी पाहुण्यांसाठी आहे. टिटवीला थोडीच वाचता येते?" तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "टिटवी समुद्र आटवते म्हणतात. ही आपला धंदा आटवणार."

पाहुणे सकाळीच आले. एक बाई, तिचा नवरा आणि तिचे म्हातारे वडील. बाईने फाटकातून लांबच्या घराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"थोडं चालायचं म्हणजे एवढं? बाबांचे दोन्ही गुडघे गेलेत हो."

हे वहिनीला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. म्हातारबुवा गाडीतच काठीवर हात टेकून बसले होते. त्यांना आपलीच लाज वाटत असावी. वर टिटवी घिरट्या घालत कलकलत होती. वहिनीला काही सुचेना. इकडे आड, तिकडे विहीर.

"दोरी सोडू का?" दिराने हळूच विचारलं.

"नको. पहार आणा. मागचं कुंपण काढू."

"आणि तुमची फुलं?"

मागच्या कच्च्या रस्त्यावरून गाडी घरापर्यंत आणायची तर मध्ये तिचा फुलांचा पट्टा होता. माळावरून बी गोळा करून, दोन वर्षं खपून तिने तो फुलपाखरांसाठी वाढवला होता. दिराने पहारीने खांब उपटले. गाडी पट्ट्यातून दारापर्यंत आली. चाकांखाली देठ मोडल्याचा आवाज तिने ऐकला आणि ती आत निघून गेली.

पण या गडबडीत टिटवी दूर निघून गेली ती परत येईना. ऊन चढलं. खडी तापली. वहिनी ओसरीवर येरझारा घालू लागली. सावली करायला जावं, तर पाखरू आणखी बुजणार. न जावं, तर अंडी भाजून निघणार. फुलंही गेली आणि अंडीही, असं तिला वाटलं.

"माझ्यापायी झालं सगळं," खुर्चीतून म्हातारबुवा म्हणाले.

"नाही हो. तुम्ही काय केलंत?" ती म्हणाली, पण तिची नजर खडीवरून हलली नाही.

बऱ्याच वेळाने टिटवी आली, थोडी दूर उतरून तुरुतुरु चालत. अंडी गार करायला पोटाची पिसं पाण्यात चिंब भिजवून आलेली. ती अंड्यांवर बसली, तसं वहिनीने खांबाला टेकून डोळे मिटले.

पाहुणे असतानाच एका सकाळी पिल्लं निघाली. एक अंडं फुटलं नाही. वहिनीने चहा टाकून बाहेर पाहिलं, तोवर तीन पिल्लं काटकुळ्या पायांनी दोरीखालून निसटून समोरच्या गवतात शिरलीही होती. तेवढ्यात दीर गवत कापायचं यंत्र ओढत आला.

"आज नको, भाऊजी. पिल्लं आहेत तिथे."

"मग कधी?"

"उडायला लागली की."

"म्हणजे तोवर इथे जंगल." त्याने यंत्र वळवलं. मग थांबून म्हणाला, "शेजारचं मांजर हिंडतं इथे. मी जरा फाटकाकडे बसतो."

वहिनी ओसरीच्या पायरीवर बसली. चहा निवत होता. समोर गवत एका जागी हललं, मग दुसऱ्या. वारा होता की पिल्लू, कळत नव्हतं. चहा तसाच ठेवून ती पुन्हा उठून उभी राहिली.